मॅग्नम रिव्हॉल्व्हर काडतुसांची हातभरणी: गोळी व दारूची निवड

मॅग्नम रिव्हॉल्व्हर काडतुसांची हातभरणी म्हणजे एकदा झाडलेल्या पितळी पुंगळीत नवे प्रायमर, नवी दारू आणि नवी गोळी बसवून ते काडतूस पुन्हा वापरण्याजोगे करणे होय. अमेरिकेतील नेमबाज आणि शिकारी यांच्यात हा छंद दीर्घकाळ रूढ आहे. पुंगळी हा काडतुसाचा सर्वांत महाग भाग असून ती अनेकदा वापरता येते. त्यामुळे खर्चात बचत होते, शिवाय विशिष्ट शस्त्राला व विशिष्ट कामाला अनुरूप काडतूस तयार करता येते. या कामात गोळी आणि दारू यांची निवड निर्णायक असते. या दोन निवडी परस्परांपासून स्वतंत्र नाहीत. गोळीचे वजन, लांबी व धातू यांवरून दारू ठरते आणि दारूवरून गोळीवर येणारा दाब ठरतो.

प्रस्तुत लेखात निवडीची तत्त्वे दिली आहेत. दारूच्या मात्रांचे आकडे दिलेले नाहीत, कारण ते दारू व गोळी उत्पादकांच्या अद्ययावत पुस्तिकांतूनच घ्यावयाचे असतात.

पार्श्वभूमी

मॅग्नम काडतुसांचा जन्मच हातभरणीच्या प्रयोगांतून झाला. .३८ स्पेशल हे काडतूस १९व्या शतकाच्या अखेरीस प्रचारात आले. १९३०च्या सुमारास स्मिथ अँड वेसन या कंपनीने मोठ्या सांगाड्याचे रिव्हॉल्व्हर या काडतुसासाठी बाजारात आणले. त्या दणकट शस्त्रात अधिक दाबाची काडतुसे वापरून पाहण्यास प्रयोगशील नेमबाजांनी आरंभ केला. त्यांत फिलिप शार्प हे प्रमुख होते. डग्लस वेसन व विंचेस्टर कंपनी यांच्या सहभागाने १९३५ मध्ये .३५७ मॅग्नम हे काडतूस अवतरले. त्याची पुंगळी .३८ स्पेशलच्या पुंगळीपेक्षा सुमारे एक अष्टमांश इंच लांब ठेवण्यात आली. ही लांबी प्रामुख्याने सुरक्षेसाठी होती. नवे काडतूस जुन्या, कमी ताकदीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये बसू नये, हा तिचा हेतू होता.

एल्मर कीथ (१८९९–१९८४) यांनी .४४ स्पेशल या काडतुसावर असेच प्रयोग अनेक वर्षे केले. जड, सपाट टोकाची शिशाची गोळी आणि संथ जळणारी दारू यांचा मेळ हे त्यांच्या पद्धतीचे सूत्र होते. त्यांच्या पाठपुराव्याची परिणती रेमिंग्टन व स्मिथ अँड वेसन यांनी १९५५च्या अखेरीस सिद्ध केलेल्या .४४ मॅग्नममध्ये झाली. १९६४ मध्ये या दोहोंच्या मधले .४१ मॅग्नम आले.

दाबाची मर्यादा

चाप ओढल्यावर प्रायमर पेटते, त्याच्या ज्वालेने दारू जळते आणि निर्माण झालेला वायू गोळीला पुढे ढकलतो. हा दाब किती असावा याची मर्यादा अमेरिकेत १९२६ मध्ये स्थापन झालेल्या शस्त्र व दारूगोळा उत्पादकांच्या संस्थेने ठरवून दिली आहे. .३८ स्पेशलसाठी ती दर चौरस इंचास १७,००० पौंड आहे, .३५७ मॅग्नमसाठी ३५,००० पौंड आणि .४४ मॅग्नमसाठी ३६,००० पौंड. म्हणजे बाहेरून जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या पहिल्या दोन काडतुसांच्या दाबात दुपटीहून अधिक अंतर आहे.

रिव्हॉल्व्हरच्या रचनेतील एक वैशिष्ट्य येथे ध्यानात घ्यावे लागते. काडतूस फिरत्या सिलिंडरमधील घरात असते आणि नळी त्यापुढे स्वतंत्र असते. दोहोंमध्ये एक बारीक फट असते. गोळीला घरातून निघून ही फट ओलांडून नळीच्या शंक्वाकार मुखात शिरावे लागते. या क्षणी तप्त वायूचा काही भाग फटीतून बाजूंना निसटतो. गोळी व दारू यांची निवड चुकल्यास तिचे परिणाम बहुधा प्रथम याच जागी दिसतात.

गोळीची निवड

गोळीचे वजन ग्रेनमध्ये सांगतात. एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम. .३५७ मॅग्नमसाठी १५८ ग्रेन आणि .४४ मॅग्नमसाठी २४० ग्रेन ही पारंपरिक वजने आहेत. धातू व रचना यांनुसार गोळ्यांचे पुढील प्रमुख प्रकार पडतात.

शिशाची ओतीव गोळी: ही सर्वांत स्वस्त असून अनेक हौशी मंडळी ती घरीच साच्यात ओततात. शुद्ध शिसे फार मऊ असल्याने त्यात कथील व अँटिमनी मिसळतात. पूर्वी यासाठी वृत्तपत्रांच्या छापखान्यांतील लायनोटाइपचा धातू वापरला जाई. त्यात सुमारे ८४ टक्के शिसे, १२ टक्के अँटिमनी व ४ टक्के कथील असते. अक्षरांच्या कडा झिजू नयेत म्हणून जो कठीणपणा छपाईला हवा, तोच वेगवान गोळीलाही उपयोगी पडला.

गोळी जितकी कठीण तितकी चांगली, हा समज मात्र बरोबर नाही. वायूच्या दाबाने गोळीचा तळ किंचित पसरून नळीच्या पेचदार खाचा बंद होणे आवश्यक असते. कमी दाबाच्या काडतुसात अतिकठीण गोळी वापरली तर ती पसरत नाही, तप्त वायू तिच्या कडेने निसटतो आणि जाता जाता शिसे वितळवून नळीला चिकटवतो. उलट, पूर्ण दाबाच्या मॅग्नम काडतुसात मऊ गोळी खाचांतून खरवडली जाते आणि परिणाम तोच होतो. आरंभीच्या .३५७ मॅग्नम काडतुसांविषयी नळीत शिसे साचण्याची तक्रार होती. यावर उपाय म्हणून गोळीच्या तळाशी तांब्याची छोटी वाटी बसवतात. ती वायूला अडवते. गोळीचा व्यासही जुळावा लागतो. सिलिंडरमधील घराचे तोंड नळीच्या खाचांच्या व्यासाएवढे किंवा किंचित मोठे असावे आणि गोळी त्या तोंडाशी जुळणारी असावी.

आवेष्टित गोळी: शिशाच्या गाभ्यावर तांब्याच्या मिश्रधातूचे आवरण असलेली ही गोळी पूर्ण दाब सहज सोसते आणि नळीत शिसे सोडत नाही. तिचे घर्षण मात्र अधिक असते. अतिशय हलक्या मात्रेवर ती नळीतच अडकून पडण्याचा संभव असतो. त्यामुळे सौम्य काडतुसांसाठी शिशाची गोळी आणि पूर्ण शक्तीच्या काडतुसांसाठी आवेष्टित गोळी, असा सर्वसाधारण संकेत आहे.

अखंड तांब्याची गोळी: कॅलिफोर्निया राज्यात १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाच्या गोळ्या वापरण्यास पूर्ण बंदी आहे. त्यामुळे या प्रकाराची मागणी वाढली. तांबे शिशापेक्षा हलके असल्याने तेवढ्याच वजनाची गोळी अधिक लांब होते, पुंगळीतील अधिक जागा व्यापते आणि दारूसाठी जागा कमी उरते. म्हणून शिशाच्या गोळीसाठी दिलेली मात्रा समान वजनाच्या तांब्याच्या गोळीस लावता येत नाही.

गोळीचा आकारही कामावरून ठरतो. कागदी लक्ष्यासाठी सपाट तोंडाची गोळी स्वच्छ भोक पाडते. कीथ यांनी लोकप्रिय केलेली, खांदा असलेली सपाट टोकाची गोळी लक्ष्यवेध व शिकार या दोहोंस चालते. तेच काडतूस नळीवजा कोठीच्या रायफलीतही वापरायचे असल्यास सपाट टोक अनिवार्य ठरते, कारण त्या कोठीत एका गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरला टेकलेले असते.

वजनाच्या निवडीचा परिणाम नेमावरही होतो. जड व तुलनेने संथ गोळी नळीत अधिक काळ राहते आणि धक्क्याने नळी उचलली जात असताना बाहेर पडते, म्हणून ती लक्ष्यावर वर लागते. हलकी, वेगवान गोळी खाली लागते. स्थिर नेमकाठ्यांच्या शस्त्रात हा फरक विशेष जाणवतो.

दारूची निवड

आधुनिक काडतुसांत बिनधुराची दारू असते. तिचा मुख्य घटक नायट्रोसेल्युलोज असून अनेक प्रकारांत नायट्रोग्लिसरीनही असते. दाण्यांचा आकार व त्यांवरील लेप यांमुळे जळण्याचा वेग बदलतो. या वेगानुसार रिव्हॉल्व्हरच्या दारूंचे तीन गट करता येतात.

शीघ्र जळणारी दारू: बुल्सआय हे हिचे जुने उदाहरण होय. थोडी मात्रा पुरते आणि धक्का सौम्य असतो, म्हणून सरावासाठी ती सोयीची ठरते. परंतु दाब फार लवकर शिखर गाठतो. त्यामुळे सुरक्षित मर्यादेत राहून मॅग्नमचा पूर्ण वेग तिच्याने मिळत नाही.

मध्यम वेगाची दारू: युनिक ही या गटातील प्रसिद्ध दारू आहे. .३८ स्पेशल व पूर्ण मॅग्नम यांच्या मधल्या शक्तीची काडतुसे तिच्यावर चांगली बनतात.

संथ जळणारी दारू: २४००, एच ११० आणि विंचेस्टर २९६ ही या गटातील नावे होत. शेवटच्या दोन नावांनी विकली जाते ती दारू एकच आहे. गोळी पुढे सरकत असतानाही संथ दारू वायू निर्माण करीत राहते. त्यामुळे शिखरदाब न वाढता गोळीला अधिक काळ रेटा मिळतो. जड गोळीला पूर्ण वेग देण्यासाठी हाच गट योग्य ठरतो. आखूड नळीत या दारूचा मोठा लोळ व कडाडणारा आवाज होतो, तरी सर्वाधिक वेग बहुधा तिचाच भरतो.

दारूंच्या वेगाचे तक्ते प्रसिद्ध होतात, पण ते केवळ क्रम दाखवतात. तक्त्यात शेजारी असलेल्या दोन दारू एकमेकींच्या जागी वापरता येत नाहीत.

अधिक आणि उणे: दोन्हीकडील धोका

दारू अधिक झाली तर सिलिंडर फुटू शकते, हे सहज कळते. दारू कमी करणे नेहमीच सुरक्षित असते, हा समज मात्र घातक आहे. सामान्यतः कमाल मात्रेपेक्षा सुमारे १० टक्के कमीपासून आरंभ करून हळूहळू वर जाण्याची रीत आहे. एच ११० आणि विंचेस्टर २९६ यांना ही रीत लागू पडत नाही. प्रकाशित मात्रेत ३ टक्क्यांहून अधिक घट करू नये, अशी सूचना विक्रेत्या कंपनीने दिलेली आहे. ही दारू नीट पेटण्यासाठी पुंगळी बरीचशी भरलेली आणि गोळी घट्ट बसलेली असावी लागते. मात्रा फार कमी झाल्यास ज्वलन अर्धवट राहून गोळी नळीत अडकते. आवाज क्षीण आला तरी नेमबाजाने तसाच पुढचा बार काढला, तर नळी फुटते.

शीघ्र दारूचा धोका वेगळा आहे. तिची मात्रा लांब पुंगळीच्या तळाशी जेमतेम दिसते, म्हणून चुकून दोनदा भरली तरी दारू बाहेर सांडत नाही आणि चूक लक्षात येत नाही. संथ दारू पुंगळीचा मोठा भाग व्यापते. तिची दुहेरी मात्रा ओसंडून वाहते व स्वतःच इशारा देते. या कारणाने गोळी बसवण्यापूर्वी प्रत्येक पुंगळीत उजेडात डोकावून पाहणे हा हातभरणीतील अलिखित नव्हे, तर प्रत्येक पुस्तिकेत छापलेला नियम आहे.

हलकी गोळी व संथ दारू यांच्या मेळाचेही एक उदाहरण प्रसिद्ध आहे. स्मिथ अँड वेसनच्या १९५५ मधील मध्यम सांगाड्याच्या .३५७ रिव्हॉल्व्हरमध्ये १२५ ग्रेनच्या पूर्ण शक्तीच्या काडतुसांचा सतत वापर झाल्यावर नळीच्या मुखाला तडे गेल्याचे आढळले. या नळीच्या मुखाचा खालचा भाग जागेअभावी सपाट व पातळ केलेला होता. आखूड गोळी पुंगळीतून लवकर सुटते आणि तिच्या मागून तप्त वायू व न जळालेले दाणे मुखावर आदळतात, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते. पुढे कंपनीने १९८०च्या सुमारास अधिक भक्कम सांगाडा आणला.

प्रायमर आणि मुखाची आवळणी

लेप दिलेल्या गोलाकार दाण्यांची दारू पेटवण्यास अधिक उष्णता लागते, म्हणून तिच्यासाठी मॅग्नम प्रायमर सुचवलेले असते. प्रायमर बदलल्यास दाबही बदलतो. पुस्तिकेत सांगितलेलेच प्रायमर वापरणे इष्ट होय.

मॅग्नमच्या धक्क्याने सिलिंडरमधील उरलेल्या काडतुसांतील गोळ्या पुढे सरकू लागतात. एखादी गोळी सिलिंडरबाहेर डोकावली तर ते फिरणेच थांबते. म्हणून पुंगळीचे तोंड गोळीवरील खाचेत घट्ट आवळतात. या आवळणीमुळे संथ दारूला आरंभी आवश्यक असलेला प्रतिरोधही मिळतो. ज्या गोळीला अशी खाच नाही, ती पूर्ण शक्तीच्या मॅग्नम काडतुसासाठी अयोग्य समजतात.

दाबाच्या खुणा व दक्षता

झाडलेल्या पुंगळ्या सिलिंडरमधून सहज निघत नसतील तर दाब अधिक असल्याचे समजून मात्रा कमी करतात. प्रायमर चपटे झाले की नाही, यावरून रिव्हॉल्व्हरमध्ये खात्रीचा निष्कर्ष काढता येत नाही. .३८ स्पेशलची काडतुसे मॅग्नम शस्त्रात चालतात, परंतु त्यांच्यामुळे घरात काजळीचे कडे साचते. ते साफ न केल्यास लांब पुंगळी अडकते आणि तिचा अर्थ चुकीचा लावला जातो.

भरणीच्या मेजावर एका वेळी एकच दारू ठेवणे, ती मूळ डब्यातच साठवणे, ओळख पुसलेली दारू नष्ट करणे, शिसे हाताळल्यावर हात धुणे आणि ओतकाम मोकळ्या हवेत करणे, हे सर्वमान्य नियम आहेत.

भारतातील कायदेशीर स्थिती

भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार शस्त्रे व दारूगोळा यांच्या निर्मितीस परवाना लागतो. शस्त्र बाळगण्याचा परवाना म्हणजे काडतुसे तयार करण्याचा परवाना नव्हे. विनापरवाना निर्मिती हा कारावासास पात्र गुन्हा आहे. त्यामुळे अमेरिकेत घरोघरी चालणारा हा छंद भारतातील परवानाधारकास तसाच अनुसरता येत नाही.