गळा तिचा, चालही तिचीच

वडील संगीतकार, थोरला भाऊ संगीतकार, धाकटा भाऊ संगीतकार, काका संगीतकार. आणि मधली मुलगी? ती ‘गाते हो छान’. अशी घरं आपल्याही ओळखीची असतात, नाही का? मुलगे वडिलांच्या दुकानात गल्ल्यावर बसतात, आणि हिशेबात त्यांच्याहून पक्की असलेली मुलगी नुसत्या कौतुकाची धनीण होते. आजचं हे घर मात्र दुकानदाराचं नाही. ते आहे मद्रासचं, म्हणजे आताच्या चेन्नईचं. आणि वडील आहेत इळैयाराजा, ज्यांच्या गाण्यांवर तामिळनाडूत दोन पिढ्या वाढल्या. मुलीचं नाव भवतारिणी.

जानेवारी २०२४ मध्ये, वयाच्या अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, ती गेली. सगळीकडे बातमी आली ती ‘पार्श्वगायिका भवतारिणी’ अशी. ते खोटं नव्हतं. पण अर्धंच होतं. तिनं चित्रपटांना संगीतही दिलं होतं. त्या दुसऱ्या अर्ध्याबद्दल आपण फारसं ऐकलेलं नसतं, म्हणून हा लेखनप्रपंच.

भवतारिणीचा जन्म २३ जुलै १९७६चा. त्याच वर्षी मे महिन्यात ‘अन्नकिळी’ नावाचा तामिळ चित्रपट लागला आणि पण्णैपुरम या खेड्यातून आलेले इळैयाराजा एका रात्रीत घराघरांत पोचले. म्हणजे मुलीचा पाळणा आणि बापाचं यश एकाच वर्षी घरी आलं म्हणा ना! कार्तिक हा थोरला भाऊ, १९७३चा. युवन धाकटा, १९७९चा. सगळ्या घरात सूर नुसता भरून राहिलेला. अशा घरातल्या मुलीला गळा असला, तर तिला गाणं शोधत जावं लागत नाही. १९९५च्या ‘रासय्या’त ती गायली, १९९७च्या ‘कादलुक्कु मरियादै’त गायली, आणि मग आला ‘भारती’.

‘भारती’ (२०००) म्हणजे तामिळ महाकवी सुब्रह्मण्य भारतींच्या आयुष्यावरचा चित्रपट. त्यात भारतींचं काम कुणी केलं होतं ठाऊक आहे? आपल्या साताऱ्याकडच्या सयाजी शिंदे यांनी! तामिळ लोकांचा लाडका कवी आणि तो रंगवणारा मराठी माणूस. त्याच चित्रपटातल्या गाण्यासाठी भवतारिणीला सर्वोत्कृष्ट पार्श्वगायिकेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तिचा आवाज काही ठसक्याचा नव्हे. पातळ, कोवळा, एखादी शाळकरी मुलगी स्वतःशीच गुणगुणावी तसा. मोठमोठ्या ताना तिच्याकडे मागायच्याच नाहीत. पण मनातलं बोलायचं असेल, तर तोच आवाज हवा.

आता गाणं म्हणणं आणि गाण्याला चाल लावणं यात काय अंतर आहे, ते आपल्या भाषेत सांगते. सवाष्ण म्हणून पाटावर बसणं वेगळं, आणि पन्नास पानांचा स्वयंपाक अंगावर घेणं वेगळं. गायिका येते, चाल समजून घेते, मायक्रोफोनसमोर उभी राहून जीव ओतते आणि घरी जाते. तिचं काम सोपं असतं असं नाही हं! पण संगीतकाराचं काम त्याच्या कितीतरी आधी सुरू होतं आणि कितीतरी नंतर संपतं. दिग्दर्शकाबरोबर बसून कथा ऐकायची, कुठं गाणं हवं आणि कुठं नको याची हुज्जत घालायची, चाल बांधायची, कवीकडून शब्द घ्यायचे, व्हायोलिनवाले, बासरीवाले, तबलजी यांना काय वाजवायचं ते द्यायचं, गायक निवडायचे. एवढं करून गाणी झाली, की पार्श्वसंगीत उरतंच. चित्रपटाचं एकेक रीळ मुकं बघायचं आणि ठरवायचं, इथं सतार वाजेल, इथं काहीच वाजणार नाही, इथं नुसता पावसाचा आवाज पुरे. इळैयाराजा तर हे सगळं पाश्चात्त्य पद्धतीच्या स्वरलिपीत भराभर कागदावर उतरवतात आणि वादकांच्या हाती देतात. त्यांचा तो झपाटा दक्षिणेत सगळ्यांना ठाऊक आहे.

शिवाय संगीतकाराला हुकूम सोडावे लागतात. “असं नको, पुन्हा वाजवा,” हे चाळीस पुरुषांना सांगावं लागतं. पैशाचा हिशेब निर्मात्याला द्यावा लागतो. रात्रीचे बारा वाजले तरी काम टाकून उठता येत नाही. मला वाटतं, बाईच्या वाटेत अडचण येते ती इथं. तिचा गळा सगळ्यांना हवा असतो, तिचा हुकूम नको असतो.

हे मी उगीच म्हणत नाही. दक्षिणेतल्या गायकांकडे पाहा. ए. एम. राजा हे गोड गळ्याचे गायक. १९५९च्या ‘कल्याण परिसु’ला त्यांनी संगीत दिलं आणि लोकांनी ते डोक्यावर घेतलं. घंटसाल तेलुगूत गातही होते आणि संगीतही देत होते, कुणाला त्यात नवल वाटलं नाही. एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांनीही १९९१च्या ‘सिगरम’सह कितीतरी चित्रपटांना चाली दिल्या. आता बायकांकडे या. एस. जानकी, हजारो गाणी गायलेली बाई, सगळ्या दक्षिणेची ‘जानकी अम्मा’. त्यांच्या नावावर संगीतकार म्हणून सांगायला १९८९चा ‘मौन पोराटम’ हा तेलुगू चित्रपट आहे. त्यांना सुचत नव्हतं असं कोण म्हणेल? भानुमती रामकृष्ण यांनी मात्र अभिनय, गाणं, दिग्दर्शन, संगीत सगळंच करून दाखवलं. पण त्यांचा आणि त्यांच्या पतीचा स्वतःचा स्टुडिओ होता, ‘भरणी’ नावाचा. स्वतःचं स्वयंपाकघर असलं, की काय शिजवायचं ते दुसऱ्याला विचारावं लागत नाही!

आपल्याकडचं उदाहरण तर घरचंच आहे. लताबाईंनी १९५०च्या ‘राम राम पाव्हणं’ला स्वतःच्या नावानं संगीत दिलं. त्यानंतर ‘मोहित्यांची मंजुळा’, ‘मराठा तितुका मेळवावा’, ‘साधी माणसं’ आणि ‘तांबडी माती’ या भालजी पेंढारकरांच्या चित्रपटांना संगीत दिलं ते ‘आनंदघन’ या टोपणनावानं. ‘साधी माणसं’च्या संगीताला राज्य पुरस्कार मिळाला, आणि हा आनंदघन कोण ते गुपित त्या समारंभात फुटलं, असं सांगतात. लोहाराच्या भात्याशी गायलेलं ते गाणं अजून आपल्या ओठांवर आहे. पण १९६९च्या ‘तांबडी माती’नंतर आनंदघन बरसला नाही, आणि हिंदीत तर कधीच नाही. जिच्या दारात सगळे संगीतकार उभे राहत, तिची ही गोष्ट.

तर मग भवतारिणीचं काय? तिचा धाकटा भाऊ युवन सतरा वर्षांचा असताना, १९९७ साली, ‘अरविंदन’चा संगीतकार झाला. पुढे त्यानं शंभरावर चित्रपट केले. गुणी मुलगा आहे, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण त्याच्याहून तीन वर्षांनी मोठ्या बहिणीचा पहिला चित्रपट आला तो २००२ साली, ती पंचविशीत असताना. मधल्या पाच वर्षांत ती गात होती. घरच्यांनी अडवलं असं मी म्हणणार नाही, कारण तसं काही ऐकिवात नाही. अडवावं लागतच नाही, हेच तर दुखणं आहे. मुलाकडे बघून लोकांना ‘हा वडिलांचा वारस’ हे आपसूक सुचतं. मुलीकडे बघून सुचतं, ‘हिला एखादं गाणं द्या.’

तिला संपूर्ण चित्रपट दिला तो एका बाईनं. रेवती, तीच, १९९१च्या ‘लव्ह’मधली सलमान खानची नायिका. दक्षिणेत ती फार मोठी अभिनेत्री. स्वतः दिग्दर्शन करायचं ठरवल्यावर तिनं जमवलेली मंडळी बघा : कॅमेऱ्यामागे फौजिया फातिमा, संकलनाला बीना पॉल, पटकथेला सुधा कोंगरा, मुख्य भूमिकेत शोभना आणि संगीताला भवतारिणी. चित्रपटाचं नाव ‘मित्र, माय फ्रेंड’, भाषा बहुतेक इंग्रजी.

याची गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण ती तुमची-माझीच आहे. लक्ष्मी ही चिदंबरमची साधी मुलगी लग्न करून अमेरिकेला जाते. नवरा चांगला, घर चांगलं, एक मुलगी होते. सतरा वर्षं तिनं केलं काय? घर केलं. मग मुलगी वयात येते, आईचं काळजी करणं तिला जाच वाटायला लागतं, एक दिवस ती घर सोडून वेगळी राहायला जाते. नवरा म्हणतो, तूच तिला जखडून ठेवलंस. एवढ्या मोठ्या घरात लक्ष्मी एकटी. मग ती संगणकावर एका अनोळखी माणसाशी पत्रासारखं लिहून बोलायला लागते. तिचं नाव नाही, त्याचं नाव नाही. त्या बोलण्यातून ती हळूहळू पुन्हा स्वतःला सापडते, नवीन काही शिकते, केस वेगळे ठेवते, हसते. तो मित्र कोण, ते मी सांगणार नाही. शेवट फोडला तर तुम्ही मला शिव्या द्याल.

अशा चित्रपटाला संगीत देणं म्हणजे ठेका धरून नाचायची गाणी करणं नव्हे. बाई काही न बोलता ओट्याशी उभी आहे, तेव्हा तिच्या मनात काय चाललंय ते सुरांनी सांगायचं, आणि तेही हळू आवाजात. हे काम एका पंचविशीच्या मुलीवर सोपवण्यात रेवतीनं धाडस केलं, आणि मला विचाराल तर अगदी योग्य माणूस निवडला. चित्रपटाला तीन राष्ट्रीय पुरस्कार मिळाले : सर्वोत्कृष्ट इंग्रजी चित्रपट, शोभनाला अभिनयाचा आणि बीना पॉलना संकलनाचा.

दोनच वर्षांनी, २००४ मध्ये, रेवतीनं हिंदीत ‘फिर मिलेंगे’ केला. एच.आय.व्ही.ची लागण झाल्यामुळे नोकरी गेलेली एक कर्तबगार मुलगी कोर्टात जाते, ही त्याची गोष्ट. काम शिल्पा शेट्टीचं. त्या काळी हा विषय घरात चारचौघांत काढायची चोरी होती. शंकर-एहसान-लॉय या नावाजलेल्या त्रिकुटाबरोबर भवतारिणीनंही त्याला संगीत दिलं. पुढे तेलुगूत ‘अवुना’, तामिळमध्ये ‘अमिर्दम’, ‘इलक्कणम्’, ‘वेळ्ळच्ची’ आणि २०२० साली ‘मायानदी’. मोजायला दोन हातांची बोटं पुरतात. त्यातले बरेचसे लहान चित्रपट, आले कधी आणि गेले कधी ते कळलं नाही.

गाणं मात्र चालूच होतं. २००२च्या ‘अळगी’मधलं कार्तिक या गायकाबरोबरचं तिचं द्वंद्वगीत (हा भाऊ नव्हे, दुसरा) तामिळ लोक अजून डोळे मिटून ऐकतात. त्याची चाल वडिलांची. हे तिच्या नशिबातलं अवघड गणित होतं. तिची सगळ्यांत लाडकी गाणी इळैयाराजांनी तिच्या आवाजाला मापून शिवली होती. असा शिंपी घरात असल्यावर, मुलगी स्वतः कापड कापायला बसली तर बघणारे तुलना करणारच! वडाच्या सावलीत बसायला सुख असतं. तिथं रोप लावून बघा म्हणजे कळेल.

मग आजार आला, यकृताचा कर्करोग. उपचारांसाठी ती श्रीलंकेला गेली होती, तिथंच कोलंबोत २५ जानेवारी २०२४ला तिनं शेवटचा श्वास घेतला. आई जीवा २०११ सालीच गेलेल्या. तेनी जिल्ह्यात, वडिलांच्या मुलखात, आईच्या आणि आजीच्या शेजारी तिला निरोप दिला गेला.

त्याच वर्षी विजय या नटाचा ‘द ग्रेटेस्ट ऑफ ऑल टाइम’ आला. दिग्दर्शक चुलतभाऊ वेंकट प्रभू, संगीतकार युवन. त्यात एका गाण्यात भवतारिणीचा आवाज ऐकू आला. ती तर नव्हती! कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीनं भावानं बहिणीचा गळा पुन्हा घडवला होता. ऐकणाऱ्यांचे डोळे भरून आले, ते समजू शकतं. माझ्या मनात मात्र दुसरंच आलं. यंत्रानं तिचा आवाज परत आणला, कारण आवाज खूप साठवलेला होता. तिच्या न लागलेल्या चाली कुठून आणणार? त्या मुळात कुणी मागितल्याच नव्हत्या.

२०२५ मध्ये इळैयाराजांनी लेकीच्या आठवणीसाठी मुलींचा वाद्यवृंद उभा करायची घोषणा केली. 

‘अळगी’तलं ते गाणं आधी ऐका, तामिळ कळलं नाही तरी अडत नाही. मग कुठं मिळाला तर ‘मित्र’ बघा. शक्यतो दुपारी, मंडळी कामावर आणि मुलं शाळेत गेल्यावर, आणि कुकरची शिट्टी मध्ये येणार नाही अशा बेतानं. कारण त्यातलं संगीत मोठ्यानं बोलत नाही.