घराण्यातून आलेले कोलेस्टेरॉल: गोळी आणि वाइन

फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया (एफएच)

• जनुकातील दोषामुळे यकृत रक्तातले एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) पुरेसे उचलत नाही. प्रमाण सुमारे 250 ते 300 जणांमागे एक. हा आजार सडपातळ, शाकाहारी माणसालाही होतो.

• संशय कधी: प्रौढात एलडीएल 190 मिग्रॅ/डेसिलिटर वा अधिक, घरात कमी वयात हृदयविकार, टाचेमागच्या कंडरेवर (टेंडनवर) गाठी.

• आई किंवा वडील बाधित असल्यास प्रत्येक अपत्याला 50 टक्के शक्यता. दोघेही बाधित असल्यास 25 टक्के शक्यता तीव्र प्रकाराची. हा प्रकार बालपणातच हृदयावर परिणाम करू शकतो. मामाच्या मुलीशी लग्नाची रीत असलेल्या घरांत दोघेही बाधित असण्याची शक्यता वाढते, म्हणून त्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे.

• औषध: स्टॅटिन, बहुधा आयुष्यभर, गरजेनुसार इझेटिमाइबची जोड. गोळी थांबली की आकडा पुन्हा चढतो.

• वाइन, नाशिकची असो वा फ्रान्सची, एलडीएल उतरवत नाही. ट्रायग्लिसराइड मात्र वाढवू शकते. ती गोळीला पर्याय नाही. मद्याची कोणतीही मात्रा सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट केले.

• लिपिड प्रोफाइल (रक्तातील चरबीची तपासणी) बुलढाणा, खामगाव, मलकापूरच्या लॅबमध्ये होते. एकाला निदान झाले, तर आईवडील, भावंडे व मुलांचीही तपासणी करून घ्यावी.