घाटातला कातळ आणि अश्मंतातला दंड

पोलादपूरहून महाबळेश्वरकडे चढताना आंबेनळी घाटात रस्त्यासाठी फोडलेल्या दरडीवर काळ्या कातळाचे थरावर थर दिसतात. दख्खनच्या लाव्ह्यातल्या एका थरसमूहाला भूशास्त्रज्ञ ‘पोलादपूर’ म्हणतात आणि त्याच्या वरच्याला ‘आंबेनळी’! हा लाव्हा वाहिला सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी.

मार्गशीर्षातल्या अवसेला रात्री नऊच्या सुमारास याच पोलादपुरातून दक्षिणेला, कशेडीच्या डोंगरांवर नजर टाका. मृग नक्षत्राच्या उजवीकडे, खालच्या अंगाला अश्मंत हा फिकट तारकासमूह आहे. अश्मंत म्हणजे चूल. नुसत्या डोळ्यांना तिथं फारसं काही दिसत नाही, पण बऱ्यापैकी दुर्बिणीत एक पुसट डाग सापडतो : एनजीसी १३६५ ही दीर्घिका. जेम्स डनलॉपनं ती १८२६ साली ऑस्ट्रेलियातून टिपली. तिचा प्रकाश इथं यायला जवळजवळ ६ कोटी वर्षं लागतात. म्हणजे घाटातला दगड त्या प्रकाशाहून थोडासाच वडील!

मोठ्या दुर्बिणींच्या छायाचित्रांत तिचं रूप खुलतं. मधोमध ताऱ्यांचा लांबट दंड आणि त्याच्या दोन टोकांपासून वळत गेलेल्या दोन डौलदार भुजा. दंड म्हणायचं खरं, पण तो घन नाही. तारे तिथं लांबुळक्या कक्षांत फिरतात, आणि त्या सगळ्यांच्या गुरुत्वाकर्षणामुळे वायूचा वेग मोडतो. मग पाटानं पाणी शेतात उतरावं तसा तो वायू केंद्राकडे उतरतो. तिथं नवे तारे जन्मतात, आणि थोडा वायू केंद्रातल्या कृष्णविवराच्या वाट्याला जातो. आपली आकाशगंगाही अशीच दंडधारी आहे, पण घरात बसून घराचा दर्शनी भाग कसा दिसणार?

१३६५ एकटी नाही. ती ज्या अश्मंत दीर्घिकासमूहात आहे, त्यातल्या अनेक दीर्घिकांना गुरुत्वाकर्षणानं एकत्र धरून ठेवलं आहे. मध्यभागी एनजीसी १३९९ ही अवाढव्य लंबगोल दीर्घिका, आणि भोवती कोटीभर अंश तापलेला विरळ वायू. चूल हे नाव किती चपखल! या तप्त वायूतून जाणाऱ्या दीर्घिकेचा स्वतःचा थंड वायू खरवडला जातो, म्हणून अशा दीर्घिकासमूहांच्या गाभ्यात बहुधा म्हाताऱ्या ताऱ्यांच्या, भुजा नसलेल्या दीर्घिकाच आढळतात. १३६५ मध्यापासून बरीच बाजूला आहे. तिच्याजवळ अजून भरपूर वायू आहे, भुजांमध्ये निळे, कोवळे तारे आहेत.

तिचा दंड एक फेरी पुरी करायला सुमारे ३५ कोटी वर्षं घेतो. पोलादपूरचा कातळ निवला, त्यावर सह्याद्रीच्या दऱ्या कोरल्या गेल्या, सावित्री वाहू लागली. एवढ्या काळात त्या दंडाची पाव फेरीही झालेली नाही.