टाकी अनुदानाची, खत शेताचे

सावनेर तालुक्यात कापसाची शेवटची वेचणी आटोपली की शिवारातून धुराचे लोट दिसू लागतात. उपटलेली पऱ्हाटी धुऱ्यावर रचून पेटविली जाते. संत्र्याच्या बागेतून सल काढली जाते, तीही बहुधा आगीतच जाते. पुढे मृगाच्या तोंडावर तोच शेतकरी शेणखताची गाडी कोठे मिळेल याची चौकशी करीत फिरतो. गावच्या वेशीबाहेर मात्र ग्रामपंचायतीने कचऱ्यासाठी बांधलेली विटांची टाकी असते. कित्येक गावांत ती रिकामी असते, किंवा तिच्यात प्लास्टिकच्या पिशव्या आणि फुटक्या बाटल्या साचलेल्या असतात. टाकीसाठी अनुदान मिळाले, ते खर्ची पडले, कामाचा दाखलाही झाला. परंतु खत झाले नाही. असे का घडते, याचा विचार गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी व पंचायतीच्या सदस्यांनी बांधकामाचा ठराव करण्यापूर्वीच केला पाहिजे.

खेड्यातील केरकचऱ्याचे खत करण्याची कल्पना नवी नव्हे. सर आल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूर येथे शेतातील काडीकचरा व शेण यांच्यापासून खत करण्याची जी पद्धत सिद्ध केली, ती ‘इंदूर पद्धत’ म्हणून जगभर प्रसिद्ध झाली. २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात समूह विकास कार्यक्रम सुरू झाला तेव्हा नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती. त्या कार्यक्रमातील ग्रामसेवकाच्या कामांत कंपोस्ट खड्ड्याचा प्रचार हे एक मुख्य काम असे. पुढे विदर्भातीलच पुसद येथील नारायण देवताव पांढरीपांडे यांनी जमिनीवरील विटांच्या हवेशीर टाकीत थोड्या शेणावर पुष्कळ खत करण्याची रीत रूढ केली. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून तिला ‘नाडेप’ हे नाव पडले. म्हणजे ज्ञान उणे नव्हते. पैशाचीही सोय आता झाली, ती अशी.

स्वच्छ भारत अभियानाचा (ग्रामीण) दुसरा टप्पा २०२०-२१ मध्ये सुरू झाला. त्याच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ५,००० पर्यंत लोकसंख्येच्या गावास घनकचऱ्यासाठी दरडोई ६० रुपये व सांडपाण्यासाठी दरडोई २८० रुपये अशी मर्यादा ठरविण्यात आली. ५,००० हून मोठ्या गावांस हे दर अनुक्रमे ४५ व ६६० रुपये होते. या रकमेपैकी ७० टक्के भाग अभियानातून आणि ३० टक्के भाग पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून घालावयाचा होता. या आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांसाठी दिलेल्या निधीपैकी ६० टक्के बंधित होता, आणि त्यातला निम्मा स्वच्छतेसाठी व निम्मा पाण्यासाठी राखलेला होता. महाराष्ट्रात या निधीचे ८० टक्के ग्रामपंचायतीकडे, तर प्रत्येकी १० टक्के पंचायत समिती व जिल्हा परिषदेकडे, अशी वाटणी होती.

आता १,५०० वस्तीच्या गावाचा हिशेब मांडून पाहावा. घनकचऱ्यासाठी ९०,००० रुपये होतात : ६३,००० अभियानाचे, २७,००० वित्त आयोगाच्या निधीतून. सांडपाण्यासाठी ४,२०,००० रुपये. पहिली रक्कम किती लहान आहे हे ध्यानात यावे. तीत टाक्या, कचरा वाहण्याचे साधन आणि सुका कचरा ठेवण्याची जागा एवढे सर्व बसवावे लागते. आणि ही रक्कम एकदाच मिळावयाची. ती उभारणीसाठी असते. रोज घरोघरी फिरून ओला कचरा आणणाऱ्या माणसाची मजुरी, टाकीवर पाणी शिंपडण्याचा खर्च, गाडीची दुरुस्ती हे सर्व ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातून भागवावयाचे असते. ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ प्रमाणे सफाईसाठी कर बसविण्याचा अधिकार पंचायतीस आहे. परंतु कर बसविणे आणि तो वसूल होणे यांत अंतर असते, हे प्रत्येक सरपंच जाणतो.

येथे एका जुन्या अनुभवाची आठवण होते. २०००-०१ मध्ये राज्यात संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. त्यात अगोदर पैसा नव्हता. अगोदर काम होते आणि मागाहून बक्षीस होते. माणसे चुरशीने झाडू घेऊन बाहेर पडली ती त्यामुळे. दरडोई अनुदानाने ती चुरस येत नाही. तेव्हा चुरशीची जागा दुसऱ्या कशाने तरी भरून काढली पाहिजे, आणि शेतीच्या गावात ती जागा घेण्यास खताच्या गरजेइतकी समर्थ गोष्ट दुसरी नाही.

ही गरज किती मोठी आहे? नागपुरी संत्र्याच्या पूर्ण वाढलेल्या झाडास दरवर्षी ४० ते ५० किलो शेणखत द्यावे, अशी शिफारस आहे. सहा मीटर अंतरावर लावलेल्या एक हेक्टर बागेत २७७ झाडे बसतात. प्रत्येकी ५० किलो धरले तर जवळजवळ १४ टन खत लागते. दहा फूट लांब, सहा फूट रुंद व तीन फूट उंच अशा एका नाडेप टाकीतून सुमारे तीन टन खत निघते. ते साठ झाडांना पुरते. म्हणजे एका हेक्टर बागेची भूक भागविण्यास पाच टाक्या हव्यात. गावाने दोन-चार टाक्या भरल्या तर खत घेणार कोण, ही चिंता बाळगण्याचे कारण नाही. मात्र येथे अतिशयोक्तीही करू नये. अर्धा टक्का नत्र धरल्यास तीन टन खतात १५ किलो नत्र येते, आणि युरियाच्या ४५ किलोच्या एका गोणीत २० किलोहून अधिक असते. नत्राच्या हिशेबाने टाकी गोणीपुढे उणीच पडेल. तिचा लाभ वेगळा आहे. जमिनीतील सेंद्रिय अंश वाढतो, काळी जमीन भुसभुशीत राहते, ओल टिकते. हा लाभ गोणीतून मिळत नाही.

शेतकरी पंचायतीचे खत नाकारतो ते त्यात काचा व प्लास्टिक असते म्हणून. त्याचे म्हणणे रास्त आहे. बैलाच्या पायात काच गेली तर नुकसान त्याचेच होते. ओला व सुका कचरा घरीच वेगळा करावा, असे २०१६ च्या घनकचरा नियमांनी सांगितले. परंतु नियमापेक्षाही, आपल्याच चुलत्याच्या वावरात हे खत पडणार आहे, ही जाणीव घरातील माणसाचा हात अधिक लवकर आवरते. म्हणून टाकीची जागा ठरविण्यापूर्वी खत घेणाऱ्यांची यादी करावी. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत दहा-बारा शेतकऱ्यांनी आपापली नावे द्यावीत, आणि त्यांनीच पऱ्हाटी, तुराट्या, पालापाचोळा व शेण टाकीपर्यंत आणून द्यावे. त्यांच्यापैकी दोघांना देखरेखीच्या समितीत घ्यावे. टाकी उघडताना काचा निघाल्या तर जाब विचारणारे हेच लोक असतील. प्लास्टिक कचऱ्यावरील प्रक्रियेसाठी दर तालुक्यास १६ लाख रुपयांपर्यंतच्या केंद्राची तरतूद याच दुसऱ्या टप्प्यात होती. गावाने प्लास्टिक कोरडे व स्वच्छ ठेवून पुढे पाठवावे. कीटकनाशकांचे रिकामे डबे मात्र कोणत्याच कचऱ्यात मिसळू नयेत; ते तीनदा विसळून, भोक पाडून वेगळे ठेवावेत.

पऱ्हाटीविषयी थोडे विस्ताराने सांगणे अवश्य आहे. ती जाळल्याने तिच्यातील जवळजवळ सर्व नत्र व कर्ब उडून जातो; राखेत पालाश उरतो, तोही वाऱ्यापावसाने वाहून जातो. तिचे ढीग बांधावर तसेच ठेवणे तर अधिकच घातक, कारण उरलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते. २०१७ च्या हंगामात या अळीने विदर्भातील कपाशीचे जे नुकसान केले, ते शेतकरी विसरलेले नाहीत. फरदड न घेता पऱ्हाटी वेळीच उपटून, बारीक तुकडे करून टाकीत घातली तर अळीचा आसरा मोडतो. तुकडे दोन-तीन इंचांहून मोठे असू नयेत, नाहीतर लाकूड कुजत नाही. संत्र्याची सल घालताना डिंक्या रोगाच्या फांद्या निवडून बाजूस काढाव्यात. त्या जाळणेच योग्य.

भरण्याची रीत सोपी आहे. एक टाकीस सुमारे १,४०० ते १,५०० किलो काडीकचरा, ९० ते १०० किलो शेण, १,७५० किलो चाळलेली माती आणि १,५०० ते २,००० लिटर पाणी लागते. एका मोठ्या जनावराचे रोजचे शेण सरासरी १० किलो धरल्यास, दहा जनावरांच्या एका दिवसाच्या शेणात एक टाकी भरते. आधी कचऱ्याचा सहा इंचांचा थर, त्यावर शेणकाला, त्यावर माती, असे अकरा-बारा थर द्यावेत. टाकीच्या काठावर दीड फूट उंच निमुळता ढीग येईल इतके भरून वरून शेणमातीने लिंपावे. पंधरा-वीस दिवसांत ढीग खाली बसतो. तेव्हा पुन्हा भरून लिंपावे. लिंपणास तडे पडू देऊ नयेत.

जागेच्या बाबतीत नागपूर विभागात एक विशेष सावधगिरी हवी. गावालगतची बरीच सरकारी जमीन अभिलेखात ‘झुडपी जंगल’ म्हणून नोंदलेली असते. अशी जमीन वनजमीनच होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी दिला. तेथे परवानगीवाचून टाकी बांधल्यास खर्च व श्रम दोन्ही अडकतात. म्हणून ठरावापूर्वी तलाठ्याकडून सातबारा पाहून घ्यावा. जागा सावलीची, उंचवट्याची व विहिरीपासून दूर असावी, आणि गाडी पोचेल इतका रस्ता असावा.

उन्हाळ्यात टाकीस पाणी कोठून द्यावयाचे, ही या भागातील खरी अडचण आहे. सांडपाण्यासाठी मिळालेल्या रकमेतून केलेली व्यवस्था येथे उपयोगी पडते. मोरीचे पाणी गाळून टाकीजवळच्या हौदात घेता आले तर पिण्याच्या पाण्यास हात लावावा लागत नाही. जानेवारीअखेर भरलेल्या टाकीचे खत ९० ते १२० दिवसांत, म्हणजे एप्रिलअखेर ते मेअखेर तयार होते. पऱ्हाटीचे प्रमाण अधिक असल्यास आणखी काही आठवडे लागतात. टाकी भरण्यापूर्वी, २६ जानेवारीच्या ग्रामसभेतच, खताचा गाडीमागे दर ठरवून तो कार्यवृत्तात नोंदवावा. ज्यांनी शेण व पऱ्हाटी दिली त्यांस किती सूट, तेही त्याच वेळी लिहून ठेवावे. असे केले म्हणजे मे महिन्यात बैलगाड्या टाकीशी लागल्यावर वाद उपस्थित होत नाहीत, आणि मिळालेली रक्कम सफाई करणाऱ्याच्या पुढील मजुरीस लावता येते.