‘निर्मनुष्य’ जमिनीवरची माणसे

कॅनडाच्या लॅब्राडॉर भागात इन्नू आदिवासींच्या शिकारीच्या रानावर १९८० च्या दशकात ब्रिटन, पश्चिम जर्मनी, नेदरलँड्स यांची लढाऊ विमाने सराव करीत. उंची कधी अवघी ३० मीटर! तंबूवरून एकदम गडगडाट होई, मुले आईला बिलगत. सरकारचे म्हणणे, प्रदेश जवळजवळ निर्मनुष्य आहे. (माणसे मोजायचीच नाहीत, ही रीत आम्हांस नवी नाही.)

१९८८ मध्ये इन्नू बायका-पुरुष गूज बे तळाच्या धावपट्टीवर जाऊन बसले, तुरुंगात गेले. एलिझाबेथ पेनाशू त्यांतल्याच. १९८९ मध्ये न्यायाधीश जेम्स इग्लोलिओर्टे, जे स्वतः इनुइट, यांनी चौघांना निर्दोष सोडले. जमीन आपलीच आहे अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती, हे त्यांनी मान्य केले. वाचताना आम्हांला चवदार तळ्याचा १९३७ चा हायकोर्टाचा निकाल आठवला.

विमाने मात्र उडतच राहिली, आणि इन्नू बायाही पुन्हा धावपट्टीवर गेल्या.