आरोग्य केंद्राच्या किल्ल्या

आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या घरीं एखादा तरी डॉक्टर आहे, किंवा होऊं घातला आहे. त्याचे गुण, त्याच्या परीक्षा, शहरांत दवाखान्याला जागा मिळेल कीं नाहीं, ह्या गोष्टींची चर्चा रोज जेवतांना होते. परंतु सरकारी कराराप्रमाणें एक वर्ष खेड्यांत जाऊन तो करणार काय, ह्याची विचारपूस फारशी कोणी करीत नाहीं. ‘वर्ष कसेंबसें काढ’ एवढाच आशीर्वाद देऊन आपण त्याला गाडींत बसवितों. आमच्या भाच्यालाही आम्हीं तसाच बसविला.

तीन महिन्यांनीं त्याचें पत्र आलें. फोनवर सांगणें त्याला जड गेलें असावें. त्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक बाई बाळंत झाली आणि तिचा रक्तस्राव थांबेना. भाचा त्या दिवशीं जिल्ह्याच्या बैठकीस गेलेला. रक्तस्राव थांबविण्याचें इंजेक्शन दोन ते आठ अंशांच्या थंडाव्यांत ठेवावें लागतें. तें शीतपेटींत होतें, शीतपेटी औषधांच्या खोलींत होती, आणि त्या खोलीची किल्ली भाच्याच्या खिशांत होती! काय करावयाचें हें तेथील जुन्या परिचारिकेला पुरतें ठाऊक. पण साहेबांच्या हुकुमावांचून कुलूप फोडावें कसें? अखेर तिनें शिपायाकडून तें फोडविलें. बाई वांचली. दुसऱ्या दिवशीं फुटलेलें कुलूप टेबलावर ठेवून ती परिचारिका क्षमा मागूं लागली, तेव्हां आमच्या भाच्याला मान वर करवेना.

ह्यांत तो दुष्ट नव्हता, आळशीही नव्हता. औषध गहाळ झालें तर हिशेब-तपासनीस आपणांस विचारील, ह्या भीतीनें त्यानें किल्ल्या जवळ ठेविल्या होत्या. असें एक केंद्र म्हणजे सपाट मुलुखांत तीस हजार आणि डोंगराळ भागांत वीस हजार लोकसंख्येचा कारभार. हाताखालीं उपकेंद्रें, परिचारिका, औषधनिर्माता, कारकून, शिवाय गांवोगांवच्या आशा सेविका. साडेपांच वर्षांच्या शिक्षणांत रोग ओळखावयास शिकविलें. ह्या माणसांना बरोबर घेऊन चालावें कसें, हें नांवापुरतेंच. पुढें व्यवस्थापनाचे वर्ग भरतात, तेथें साठ्याच्या नोंदी व खर्चाचे नियम कळतात. त्यांना आम्ही नांवें ठेवीत नाहीं. पण कोणाच्या हातीं काय सोंपवावें, हें फळ्यावर लिहून दाखवितां येत नाहीं.

तें जेथें शिकतां येतें असें एक ठिकाण महाराष्ट्रांतच आहे. १९७० सालीं डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे ह्या दांपत्यानें तेव्हांच्या अहमदनगर, आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत, जामखेड येथें काम आरंभिलें. दोघेंही वेल्लोरला शिकलेलीं, पुढें अमेरिकेंत सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केलेलीं. प्रथम त्यांनीं शिकलेल्या परिचारिका खेड्यांत पाठविल्या. त्या तेथें रुळेनात, आणि गांवकरी त्यांचें ऐकेनात. तेव्हां गांवांतीलच बायका निवडण्याचें ठरलें. त्यांतल्या पुष्कळ निरक्षर, कित्येक समाजानें खालच्या गणलेल्या जातींतील. त्या आठवड्याच्या आठवड्याला जामखेडला येत, गांवांत काय घडलें तें सांगत, आणि नवें कांहीं शिकून परत जात. बाळाचें वजन करणें, जुलाब झालेल्या मुलाला मीठ-साखरेचें पाणी पाजणें, सुखरूप बाळंतपण करणें, ह्या विद्या डॉक्टरांनीं आपल्या कुलुपांत ठेविल्या नाहींत. १९७१ च्या सुमारास त्या भागांत हजार जन्मांमागें १७६ अर्भकें दगावत. १९७६ पर्यंत ती संख्या ५२ वर आली. १९७९ सालीं दोघांना मॅगसेसे पारितोषिक मिळालें. पुढें देशोदेशींचे डॉक्टर जामखेडला येऊन त्याच बायकांपुढें शिकावयास बसले!

सरकारी केंद्र म्हणजे जामखेड नव्हे, हें आम्ही जाणतों. जागा रिकाम्या असतात, बदल्या होतात. सून कितीही हुषार असली, तरी कोठीच्या किल्ल्या हातीं आल्यावांचून तिला संसार कळत नाहीं, हें आपल्या मोठ्या कुटुंबांत कोणालाही पटेल. मात्र तेथें किल्ली देणारी सासू तरी घरांतच असते. केंद्रांतला साहेब वर्षानें निघून जातो.

भाच्यानें तीन गोष्टी केल्या. दुसरी किल्ली परिचारिकेच्या स्वाधीन केली व तसें सही करून वहींत लिहून ठेविलें. वरिष्ठांनीं हटकलें, तेव्हां जबाबदारी आपली म्हणून सांगितलें. रुग्ण कल्याण समितीच्या निधींतून काय घ्यावें, तें त्यानें कर्मचाऱ्यांना विचारलें. बाळंतिणीच्या खोलीसाठीं दिव्याची सोय प्रथम झाली. आणि बैठकींत आशा सेविकांनीं आधीं बोलावें, साहेबांनीं मागाहून, असा नियम केला. दोन बैठका मुक्याच गेल्या. तिसऱ्या वेळीं एकजण भीत भीत म्हणाली, “साहेब, आमच्या वाडीच्या बायका लशीला येत नाहींत, कारण तो बाजाराचा वार.” एवढी साधी गोष्ट कागदावर कोठें नव्हती! वार बदलला.

त्याचें वर्ष येत्या जूनमध्यें संपतें. आमच्या बहिणीनें त्याच्यासाठीं दादरला दवाखान्याची जागा पाहून ठेविली आहे. परवां परिचारिकेनें त्याला विचारलें, “नव्या साहेबांना किल्लीचें तुम्हीच सांगून जाल ना?” ह्यावर काय उत्तर दिलें, तें भाच्यानें लिहिलेलें नाहीं, आणखी एक वर्ष राहूं का, एवढेंच आईला विचारलें आहे. बहिणीनें तें पत्र आमच्याकडे पाठवून दिलें आहे.