कोलारच्या खाणीत प्रोटॉनची वाट

कोलार म्हटलं की आपल्याला सोनं आठवतं. पण आपल्याच कर्नाटकातल्या या खाणीत, जमिनीखाली 2.3 किलोमीटरवर, शास्त्रज्ञांनी सोन्याहून कितीतरी दुर्मीळ गोष्टीची वर्षानुवर्षं वाट पाहिली, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. बेळगावात बारावीला भौतिकशास्त्र शिकवताना मूलभूत बलांचा विषय निघाला, की मी पुस्तक बाजूला ठेवून ही हकीकत सांगत असे.

निसर्गाचा सगळा व्यवहार चार बलांवर चालतो. आंबा खाली पडतो तो गुरुत्वाकर्षणामुळे. वीज, चुंबक आणि प्रकाश हा विद्युतचुंबकीय बलाचा प्रांत. अणूच्या केंद्रकातले कण घट्ट बांधून ठेवतं ते प्रबल बल, आणि न्यूट्रॉनचा प्रोटॉन करून टाकतं ते क्षीण बल. ही चार खरोखर वेगळी आहेत, की एकाच बलाची चार रूपं?

ही शंका निराधार नाही. न्यूटननं 1687 मध्ये दाखवलं, की झाडावरचं फळ आणि आकाशातला चंद्र एकाच नियमानं बांधलेले आहेत. मॅक्सवेलनं 1860 च्या दशकात वीज आणि चुंबकत्व यांचं नातं जुळवलं, तेव्हा प्रकाशही त्याच घरातला निघाला. ग्लॅशो, सलाम आणि वाइनबर्ग यांनी विद्युतचुंबकीय आणि क्षीण बलांची सांगड घातली. त्यासाठी त्यांना 1979 चं नोबेल मिळालं, आणि त्यांनी भाकीत केलेले कण 1983 मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत सापडले.

दोन बलं जुळली, मग तिसरं का नाही? 1974 मध्ये जॉर्जाय आणि ग्लॅशो यांनी प्रबल बलही त्याच मांडणीत आणलं. ओडिशात जन्मलेले जोगेश पती आणि सलाम यांनीही त्याच सुमारास आपली मांडणी केली. गुरुत्वाकर्षण मात्र बाहेरच राहिलं. या विचारातून एक विलक्षण गोष्ट निघत होती: प्रोटॉन अमर नाही. कधीतरी तो फुटायला हवा. पण सरासरी आयुष्य किती? सुमारे 1 वर 31 शून्यं, इतकी वर्षं! विश्वाचं वय अवघं 1,380 कोटी वर्षं आहे.

"सर, मग हे तपासणार कोण आणि कधी?" हा प्रश्न वर्गात हमखास यायचा. उत्तर सोपं आहे. एका प्रोटॉनवर तेवढी वर्षं नजर ठेवण्याऐवजी तेवढे प्रोटॉन एकत्र आणा आणि एक वर्ष थांबा. सरासरी एखादा फुटलेला दिसेल.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं जपानी सहकाऱ्यांबरोबर कोलारला नेमकं हेच केलं. लोखंडी पत्रे आणि वायू भरलेल्या नळ्या यांचे थर रचून 140 टनांचं उपकरण उभारलं. इतक्या खोल जायचं कारण म्हणजे अवकाशातून सतत येणारे वैश्विक किरण. वरचा खडक ते अडवतो. याच खाणीत 1965 मध्ये वातावरणात तयार झालेल्या न्यूट्रिनोंची नोंद झाली होती.

1980 नंतर कोलारला प्रोटॉन फुटल्यासारख्या काही मोजक्या नोंदी मिळाल्या. मोठी खळबळ उडाली. पण अमेरिकेतल्या मिठाच्या खाणीतल्या आणि जपानमधल्या कामिओका खाणीतल्या मोठ्या पाण्याच्या टाक्यांना दुजोरा देता आला नाही. जॉर्जाय-ग्लॅशो यांची मूळ मांडणी मागे पडली. आज जपानच्या सुपर-कामिओकांडेत 50 हजार टन पाणी आहे, आणि प्रोटॉनचं आयुष्य निदान 1 वर 34 शून्यं इतकं तरी असावं, असं तिथली मोजणी सांगते.

मग सगळं फुकट गेलं का? मुळीच नाही. प्रोटॉनसाठी बांधलेल्या त्याच टाक्यांनी 1987 मध्ये एका फुटलेल्या ताऱ्याचे न्यूट्रिनो टिपले. 1998 मध्ये सुपर-कामिओकांडेनं न्यूट्रिनो वाटेत रूप बदलतात, म्हणजेच त्यांना वस्तुमान आहे, हे दाखवलं.

विद्यार्थ्यांना मी एवढंच सांगायचो: कुठे पाहिलं म्हणजे आपण चुकलो हे कळेल, ते जो सिद्धांत आधीच सांगतो, तो खोटा ठरला तरी शास्त्र पुढे नेतो. जपानमध्ये आता आणखी मोठी टाकी उभी राहत आहे. तुमच्या घरातल्या बारावीच्या मुलामुलींना ही हकीकत जरूर सांगा. प्रोटॉन फुटलेला पाहणारा पहिला माणूस अजून ठरायचा आहे.